चार घरांचा रकाना

काकांबरोबर जयपूरच्या राजा पार्क बाजारात जायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागायची. भाजी, औषधं, चपला, काहीही आणायला जा, जिथे म्हणून छापलेले आकडे दिसतील तिथे ते थांबत, चष्मा काढत, कागद हातभर लांब धरत आणि डोळे बारीक करून बघत. मग त्यांचे कान लाल होत. कान लाल झाले की मी हळूच दोन दुकानं पुढे सरकायचे आणि बांगड्या बघत असल्याचं सोंग घ्यायचे.

एकदा मात्र सरकता आलं नाही. काकूंच्या रक्ताचा रिपोर्ट आणायचा होता आणि रांगेत मी त्यांच्या अगदी मागे उभी होते. रिपोर्टात सगळे आकडे डावीकडून सुरू झालेले. हजारांतल्या आकड्याखाली शून्य-दशांशातला आकडा, त्याखाली पुन्हा शेकड्यातला, आणि दशांशाची टिंबं कुठल्या कुठे सांडलेली. काकांनी कागद काउंटरवरच्या मुलीसमोर ठेवला.

"बेटा, ये आंकड़े किसने छापे?"

"मशीन ने, अंकल."

"इनको शर्म नहीं आती?"

"किसको, अंकल?"

"आंकड़ों को. ऐसे आधे कपड़ों में बाहर भेज दिया बेचारों को."

मागची रांग फिदीफिदी हसली. धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं मला झालं. मुलगी बिचारी "सॉरी अंकल" म्हणाली, जणू तिनेच त्या आकड्यांचे कपडे पळवले होते. आणि गंमत म्हणजे, त्या रिपोर्टात काकूंची साखर चांगलीच वाढलेली होती, हे काकांना घरी गेल्यावर काकूंनी सांगितलं. टिंबं बघण्याच्या नादात आकडा बघायचाच राहून गेला होता. तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

काका मूळचे अमरावतीकडचे. केंद्र सरकारच्या भूजल विभागातल्या आकडेमोडीच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले आणि प्रताप नगरच्या हाउसिंग बोर्डाच्या घरात राहिले. चाळिशी, पन्नाशी, साठी सगळी राजस्थानात गेली, पण भाषा तिकडचीच राहिली. मी नाशिकची. नवऱ्याची विमा कंपनीतली बदली मला इथे घेऊन आली. राजा पार्कात एका कचोरीवाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेची आकडेमोड आम्ही करत असू. निवृत्तीनंतर काका तिथे येऊ लागले होते आणि मालकांना ते आवरत नव्हते. मी मराठी आहे हे कळल्यावर मालकांनी मुलाखत तिथेच संपवली.

"मॅडम, भाईसाहब को आप ही सँभालो. आप दोनों की तो एक ही भाषा है."

एक भाषा कसली! पहिल्या दिवशी काका मला म्हणाले, "काय करून राहिली तू?" मी म्हटलं, "मी कुठे राहिले? मी काम करतेय." त्यांना वाटलं पोरगी तिरसट आहे. मला वाटलं म्हातारा खवचट आहे. दोघांचंही थोडंफार बरोबरच होतं.

काकांचा जीव फोरट्रान नावाच्या भाषेत अडकलेला होता. संगणकाच्या जगात ही भाषा म्हणजे घरातली सर्वांत म्हातारी आत्या. दिसायला कडक, पण हिशेबाला अजून खणखणीत. या भाषेत आकड्यांची रांग छापायची तर प्रत्येक आकड्याला कागदावर किती घरं द्यायची हे आधी सांगून ठेवता येतं. चार घरं सांगितली की चारच: एक अंक, एक टिंब, टिंबापुढे दोन अंक. आकडा त्याहून लांब निघाला, तर ही भाषा तो कापत नाही की शेजारच्या रकान्यात घुसवत नाही. चारही घरांत चांदण्या (****) छापते आणि गप्प बसते. काकांना या गोष्टीचा केवढा अभिमान!

"खोटं बोलणार नाई," ते सांगत. "मावत नाई म्हणजे मावत नाई. चांदण्या दाखवते. माणसाले येते का असं? माणूस तर दाबून दाबून बसवते."

आम्ही बाकीचे लोक आधी गणित करायचो आणि छापायचं कसं ते शेवटी बघायचो. काका उलटे. कोऱ्या पानावर सगळ्यांत आधी ते घरांची आखणी लिहीत. कुठला रकाना किती रुंद, मध्ये किती मोकळी जागा, उणे चिन्ह आलं तर ते कुठे बसणार. "आधी खोली बांधा लागते, पोरी. मंग पाहुणा बोलवा लागते." आकडे अजून प्रयोगशाळेतल्या बाटलीत असायचे आणि इकडे त्यांच्या खोल्या झाडून तयार.

मी नव्या भाषेतली. माझ्या भाषेत आकड्यांची रांग छाप म्हटलं की ती चौकटी कंसांत कोंबून, वाटेल तिथे ओळ मोडून समोर येते. एकदा मी हजारभर आकडे असे पडद्यावर काढले. काका मागे येऊन उभे राहिले. सुरुवातीचे तीन आकडे, मग तीन टिंबं, मग शेवटचे तीन आकडे.

"मधले कुठं गेले?"

"आहेत ना काका. यादी मोठी असली की मधले दाखवत नाही."

"दाखवत नाई? मधल्याइनं काय पाप केलं?"

"तसं नाही, आपल्या सोयीसाठी…"

"गावजेवण घातलं, पहिल्या तिघाले वाढलं, शेवटच्या तिघाले वाढलं. मधले उपाशी. सोय!"

त्यांचे कान लाल झाले. माझ्या भाषेची लाज त्यांना वाटली, आणि नवल म्हणजे थोडी मलाही वाटली. एक ओळ लिहून मी मधले सगळे आकडे बोलावले. पण तेव्हाही "ई" अक्षर चिकटलेले एक-दोन आकडे निघाले (फार बारीक आकडा माझी भाषा असा थोडक्यात लिहिते), आणि "याच्या पायात हे काय अडकलं?" म्हणून दुपारभर त्यांची चौकशी चालली.

घरीही हेच. दोरीवर रुमाल वाळत घालायचे तर सगळ्यांचे उजवे कोपरे एका रेषेत. फडताळातले डबे उंचीनं नव्हे, झाकणाच्या काठानं लावलेले. काकू म्हणत, "लग्नात मंगळसूत्र घालताना यांनी आधी दोन वाट्या सारख्या आहेत का ते पाह्यलं. माझ्याकडं नंतर." काका त्यावर लाजून हसत. काकूंनी सांगितलेलं सगळं खरं असायचं.

हे लाजणं त्यांचं खास होतं. मी पाहिलेली बहुतेक माणसं पकडली गेली की लाजतात. काका दुसऱ्याच्या चुकीनंही लाजायचे. बँकेच्या पासबुकात ओळ खाली सरकली तरी त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. "आपल्या धंद्यातलाच कोणीतरी आहे तो," म्हणायचे. जगात जिथे जिथे आकडा वाकडा छापला जातो तिथे तिथे आपल्याच घराण्याची अब्रू जाते, असा त्यांचा समज होता. आता ते अमरावतीला भावाजवळ राहतात आणि मला व्हॉट्सॲपवर तिथलं तापमान पाठवतात, मोकळ्या जागा मोजून, रकाने करून. माझ्या फोनवर ते सगळे विस्कटून उमटतात. मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

आमच्या ऑफिसात कुठलाही तक्ता बाहेर जाण्याआधी काका तपासत. तपासण्याची रीत त्यांची स्वतःची. कागद खिडकीपाशी न्यायचा, चष्मा काढून खिशात ठेवायचा, हात लांब करायचा आणि डोळे किलकिले करायचे. चष्म्याशिवाय त्यांना अंक दिसतच नसत, नुसते करडे पट्टे दिसत. पट्टे सरळ असले की तक्ता पास.

"वाचून काय पाह्यचं?" ते म्हणत. "वाचलं की माणूस अर्थात फसते. मंग वाकडं दिसत नाई."

मालकांना ही रीत आवडायची, कारण त्यानंतर खरोखरच तक्ता देखणा निघायचा. मीही त्यांच्या शेजारी उभी राहून डोळे किलकिले करायला शिकले होते.

त्या हिवाळ्यात चाकसूच्या पुढच्या गावांतले हातपंपांचे नमुने आले. आमच्या भागात पाण्यात फ्लोराइड असतं. थोडं चालतं. जास्त झालं की पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि वर्षानुवर्षं पीत राहिलं तर माणसाची हाडं आखडतात, पाठ वाकते. आमचा तक्ता राज्याच्या पाणीपुरवठा खात्याकडे जायचा. ज्या पंपाचा आकडा वाईट, त्याला खात्याची माणसं लाल रंग फासत. लाल पंपाचं पाणी प्यायचं नाही, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक.

मालकांनी सांगितलं होतं, "भाईसाहब, एक पन्ने में आना चाहिए." रकाने पुष्कळ, पान अरुंद. काकांनी एकेक रकाना चोळी बेतल्यासारखा बेतला. फ्लोराइडला चार घरं दिली. मी म्हटलं, "काका, रुंदी शून्य लिहा ना. तुमच्या नव्या फोरट्रानमध्ये ती सोय आहे. आकडा जेवढा, तेवढी जागा तो आपोआप घेतो."

"अन् बाजूवाल्याले ढकलते," ते म्हणाले. "ज्याचं पोट मोठं, त्यानं पंगतीत दोन पाट घ्यायचे? फ्लोराइड दहाच्या वर जात असते का? उभ्या नोकरीत म्या पाह्यलं नाई."

तक्ता छापून निघाला. काकांनी तो खिडकीपाशी नेला, चष्मा खिशात ठेवला. मीही शेजारी उभी राहिले. काय सुरेख तक्ता होता! पट्टे असे की त्यांवर फूटपट्टी ठेवावी. "हे पाय," ते म्हणाले, "याले म्हणते छपाई." खालून कचोरी तळल्याचा वास येत होता. काकांनी मला त्या आनंदात कचोरी खाऊ घातली.

होळी होऊन गेली, उन्हं चढली, आणि खात्याकडून आमच्याच तक्त्यावरून तयार केलेली पुस्तिका आली. ती त्यांनी स्वतःकडे पुन्हा टाइप करून घेतली होती. काकांनी चष्मा काढून ती लांब धरली आणि दुसऱ्याच पानावर थबकले. फ्लोराइडच्या रकान्यात, पट्ट्याच्या मधोमध, एका पंपासमोर आकड्याऐवजी बारीकशी आडवी रेघ होती. पडलेल्या दाताच्या जागेसारखी फट.

"कोणं केलं हे? माझ्या रकान्यात रेघ कोणं मारली?"

त्यांचे कान पेटले. तावातावानं ते कपाटाकडे गेले, आमचा मूळ तक्ता काढला आणि मालकांच्या टेबलावर आपटला. "देखिए, हमने क्या भेजा था!" दाखवायचं म्हणून त्यांनी चष्मा चढवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

बोटाखाली चार चांदण्या होत्या.

मी काकांचे कान लाल झालेले शेकडो वेळा पाहिले असतील. त्या दिवशी ते पांढरे पडले. बोट तिथेच राहिलं. चारही घरांत चार चांदण्या, अगदी नीट बसलेल्या, वरच्या-खालच्या आकड्यांच्या रेषेत. लांबून बघणाऱ्याला पट्टा सरळच दिसणार होता. आणि आम्ही दोघांनीही लांबूनच बघितला होता.

मी संगणकात तो आकडा शोधला. दहा पूर्णांक चाळीस. पाच घरं लागणारा. साऱ्या तक्त्यात सगळ्यांत वाईट.

पुढचं समजायला वेळ लागला नाही. टाइप करणाऱ्याला चांदण्यांचा अर्थ कळला नाही. आकडा नाही म्हणजे तपासणी नाही, असं धरून त्यानं रेघ मारली. आणि ज्याची तपासणीच नाही त्या पंपाला खातं रंग कशाला फासेल? त्या गावातले बाकीचे पंप लाल झाले. हा एकटा बिनरंगाचा राहिला. म्हणजे गावाच्या दृष्टीनं चांगला. म्हणजे सगळं गाव आता त्याच्यावर.

मालक समजूतदार माणूस. "भाईसाहब, इतना दिल पे मत लो. मैं आज ही चिट्ठी भेजता हूँ. गलती टाइपिस्ट की है."

"टाइपिस्ट की नहीं," काका म्हणाले. "जगह हमने कम दी थी." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मशीन तर सांगत होती ना. चांदण्या दाखवून सांगत होती. आपण चष्मा काढून पाह्यलं."

'आपण' म्हणाले. मला तो शब्द आवडला नाही. रुंदी शून्य लिहा असं मी आधीच सांगितलं होतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. बोलले नाही एवढंच. पण आलं होतं.

चिठ्ठी गेली. तिचं काय होईल आणि कधी होईल, हे सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या काकांना कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. "हे गावात जायचं म्हणतात. लाल रंगाचा डबा आणून ठेवलाय. तू जा बाई यांच्यासंग. एकटे गेले तर काय बोलतील, काय करतील."

मी गाडी काढली. खरं सांगायचं तर मला दयेपेक्षा भीतीच जास्त होती. राजा पार्कातल्या रांगेसमोर जे झालं ते आता गावासमोर होणार, आणि या वेळी सरकायला बांगड्यांचं दुकानही नसणार. काका मांडीवर रंगाचा डबा धरून बसले होते.

पंप गावाच्या कडेला होता. हंड्यांची रांग लागलेली. समोरच्या घरातल्या एका वयस्क बाईनं आम्हाला पाहिलं, पदर पुढे ओढला आणि खाट सावलीत सरकवली. लांबून आलेली शहरातली माणसं, उन्हाचे आलेले. तिनं आत जाऊन दोन ग्लास पाणी आणलं. स्टीलचे ग्लास, राखेनं घासलेले, लखलखीत. ग्लास धरलेली तिची बोटं सरळ होत नव्हती.

"पाणी ल्यो सा."

आम्ही दोघांनीही ग्लास घेतले. काकांनी आपल्या ग्लासात एकदा पाहिलं आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं. मी ग्लास हातात धरून राहिले. एका ग्लासानं काहीएक होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तक्त्याच्या तळटिपेत वर्षानुवर्षं पिणाऱ्यांबद्दल जे लिहायचो ते मीच टाइप करत असे. तरी तो ग्लास ओठांपर्यंत जाईना. नंतर पिऊ, असं दाखवत मी तो गुडघ्यावर टेकवला.

काका उभे राहिले आणि बोलू लागले. त्यांची ती सरकारी हिंदी.

"बहनजी, इस नल का आंकड़ा हमसे छपा नहीं. आंकड़ा बड़ा था, हमने जगह छोटी रखी थी. गलती मेरी है."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकजण हसली. मला वाटलं, झालं सुरू.

"कांई कोनी छप्यो?" काय छापलं गेलं नाही, असं बाईनं विचारलं.

"आंकड़ा. यहाँ चार घर थे, उसको पाँच चाहिए थे…" काकांनी हवेत बोटानं चार घरं काढली. मग पाचवं काढलं. हसणारी बाई गप्प झाली. समोरचा म्हातारा कशाबद्दल तरी मनापासून लाजतोय एवढं सगळ्यांना दिसत होतं. कशाबद्दल, ते कुणाला कळत नव्हतं.

म्हणून मी बोलले. बसल्या जागेवरून, स्वच्छ हिंदीत. "माँजी, इस नल का पानी खराब है. सब नलों से ज़्यादा खराब. इसे लाल करना था, रह गया."

बाईनं पंपाकडे पाहिलं. रांगेतल्या हंड्यांकडे पाहिलं. आणि मग तिची नजर फिरत फिरत माझ्या गुडघ्यावर आली, त्या काठोकाठ भरलेल्या ग्लासावर.

"हाँ," ती म्हणाली. रागावली नव्हती. "बाईसा तो जाणती थी." बाईसा म्हणजे मी.

मी मान खाली घातली. आता पिऊन उपयोग नव्हता आणि ठेवायलाही जागा नव्हती.

काकांनी डबा उघडला. पंपाच्या दांड्यावर लाल रंगाचा पहिला हात फिरवला आणि तेवढ्यात एका तरुण सुनेनं विचारलं, "तो अब कहाँ से भरें? लाल तो सारे हैं." काका थांबले. या प्रश्नाची तयारी आमच्यापैकी कुणीच केली नव्हती. ते माझ्याकडे आले, माझ्या पिशवीतून नवा छापलेला तक्ता काढला, चष्मा नीट बसवला आणि वाचायला लागले. एकेक पंप, एकेक आकडा, मोठ्यांदा. मंदिराजवळचा किती, चौकातला किती, शाळेतला किती. लाल सगळेच, पण शाळेतला सगळ्यांत कमी. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला. बायकांनी तो आपसांत पुन्हा म्हटला. मग ते म्हणाले, फक्त पिण्याचं पाणी तिथून भरा, बाकी वापरायचं इथून. ज्या माणसानं उभ्या जन्मात तक्ता वाचायचा नसतो असं सांगितलं, तो भर उन्हात एका हातात ब्रश धरून तक्ता वाचत होता.

नंतर त्यांनी पंपावर आकडाही लिहिला. नळकांडं अरुंद, ब्रश जाड. एक आणि शून्य समोर आले, टिंबाला ओघळ आला, चार कडेला गेला आणि शेवटचं शून्य पार मागच्या बाजूला वळलं. एकही अंक दुसऱ्याच्या रेषेत नव्हता. मी वाट बघत होते की ते पुसतील, पुन्हा काढतील. त्यांनी ब्रश डब्यात टाकला.

शाळेतल्या पंपावरही मग त्यांनी त्याचा आकडा लिहिला, तसाच वाकडातिकडा. खात्याची माणसं पुढे कधीतरी आली आणि त्यांनी रीतसर रंग दिला, असं कळलं. त्यानंतर आमच्या ऑफिसातले सगळे तक्ते शून्य रुंदीनं छापले जाऊ लागले. रकाने वेडेवाकडे, कुणी फुगलेलं, कुणी आक्रसलेलं, पान दोन-दोन. मालक कुरकुरले. काका ते कागद चष्मा लावून ओळन् ओळ वाचत. त्यांचे कान पूर्ण वेळ लाल असत आणि ते तसेच वाचत राहत.

पण ते नंतर. त्या दिवशी निघताना मी ग्लास घेऊन उभी होते. पाणी तसंच. गावात पाणी ओतून टाकायचं नसतं, एवढं मला जयपूरच्या इतक्या उन्हाळ्यांत कळलेलं होतं. बाईनंच माझ्या हातातून ग्लास काढून घेतला. तिनं तो ओतला नाही. आत नेला.

परतीच्या वाटेवर सांगानेर येईपर्यंत काका नखांतला रंग खरवडत होते. त्यांच्या शर्टाच्या बाहीवरही लाल रंग लागला होता. मला वाटलं, ते स्वतःबद्दलच विचार करत असतील. मग ते खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "तू पेली नाई ते बरं केलं, पोरी. तुले अजून लेकरंबाळं व्हायची आहेत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अगदी मनापासून म्हणत होते, मला वाचवत होते. माझ्या वतीनं त्यांनी कारणही शोधून ठेवलं होतं.

माझे कान तापले. गाडीच्या आरशात पाहिलं, तर लालभडक झाले होते.